बेसाचा मामा

तिउर्माला पुरून आलो तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, जोंगीच्या, डोक्यावर तिच्या भावाने घातलेला काळपट निळा उलोस होता. आता तो उतरेल, मग उतरेल म्हणून आम्ही सगळे चटईवर बसून होतो. पाण्याचं भांडं मीच भरून ठेवलं होतं. आमच्यात बाई गेली की तिच्या माहेरच्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर हे जाड हातमागाचं वस्त्र घालायचं, आणि माती झाल्यावर त्यांनीच ते उतरवून त्याच्या तोंडावरून ओला हात फिरवायचा. मग तो माणूस कामाला जावो, बाजारात जावो, हसो, कुणी नावं ठेवत नाही. दुसऱ्या कुणी उतरवलं तर ते उतरलं असं धरत नाहीत. आणि स्वतःच काढून ठेवलं, तर मेलेल्या बायकोला हाताला धरून घराबाहेर काढल्यासारखं.

तिउर्माचा भाऊ मारिहोत उठला आणि चपला शोधायला लागला.

"लाए," जोंगी वस्त्राखालून म्हणाला. मेव्हण्याला आमच्याकडे लाए म्हणतात. "लाए, हे राहिलं."

"ज्याला फासळ्या वाढल्यास त्याला बोलाव उतरवायला," मारिहोत म्हणाला, आणि त्याच्या लागुबोती गावच्या बसकडे चालता झाला. चर्चचे पाळक तोंड उघडून बघत राहिले. मी ते पाणी अंगणातल्या मिरचीच्या रोपाला ओतलं, कारण ते तसंच परत माठात ओतायला हात होईना.

फासळ्यांचं प्रकरण काय ते सांगते. त्याआधी मी कोण ते सांगायला हवं. मी बिन्सारची आई. सियांतारच्या बाजारामागे माझं कॉफीचं दुकान आहे आणि समोर बेचाकवाल्यांचा अड्डा. बेचाक म्हणजे साइडकार जोडलेल्या जुन्या बीएसए मोटरसायकली, लढाईच्या वेळी गोऱ्यांनी आणलेल्या आणि जाताना टाकून दिलेल्या. आणणारे कधीच मातीत गेले, गाड्या अजून कोबीची पोती आणि जाड्या बायका वाहतात. जोंगी सितोरुस आणि मी एका कुळाचे. म्हणून तो मला इतो म्हणतो आणि मी त्याला इतो, म्हणजे बहीणभाऊ. बहीण म्हटल्यावर त्याच्या घरच्या प्रत्येक कार्यात चुलीपाशी मी. मान घ्यायला दुसरे असतात, डोळ्यांत धूर घ्यायला आम्ही.

आमच्याकडे पहिलं मूल झालं की माणसाचं स्वतःचं नाव गळून पडतं. मग तो अमक्याचा बाप आणि ती अमक्याची आई. जोंगी आणि तिउर्माला मूल झालं नाही. पाळकांच्या प्रार्थना झाल्या, मेदानचे डॉक्टर झाले, डोंगरातल्या म्हातारीचा कडू पाला झाला. केस पांढरे व्हायला लागले तरी जोंगी तो जोंगीच राहिला. आमच्यात यापेक्षा मोठं दुःख नाही, आणि यापेक्षा सोपी थट्टाही नाही.

जोंगी तेव्हा दुसऱ्याची गाडी भाड्याने चालवायचा. स्वतःची करायची म्हणून त्याने भाग जमवायला सुरुवात केली. अख्खी बीएसए कुणी विकत नाही. जिवंत गाडी कोण विकेल? मेलेल्यांचे तुकडे मिळतात. पुढचा काटा तेबिंग तिंग्गीच्या एका विधवेच्या कोंबड्यांच्या खुराड्याला आडवा लावलेला सापडला. फ्रेम भाताच्या खाचरात बांध म्हणून पुरलेली. गिअरबॉक्स कुठल्याशा चहामळ्यातला, दात झिजलेला. पिस्टन बीएसएचा नाहीच, एका पिकअपचा, कानस मारमारून बसवलेला. कार्बोरेटर स्कूटरचा, पुढचा दिवा ट्रकचा. पेट्रोलची टाकी त्याने तेलाच्या पिंपाचा पत्रा ठोकून स्वतः केली. दोन चाकं दोन घरची.

"अरे, ही गाडी आहे की सरकारी कचेरी?" मी म्हणायची. "एकाचं तोंड दुसऱ्याकडे नाही!"

"इतो, पेटू दे एकदा. मग बघ सगळे एका सुरात गातात की नाही."

आणि तिउर्मा! संध्याकाळी बघावं तर ही बाई अंगणात फतकल मारून रॉकेलमध्ये नटबोल्ट धुतेय. कानस जोंगीपेक्षा हलक्या हाताने चालवायची. पिस्टनच्या रिंगा तिने तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या, गंज चढू नये म्हणून. अड्ड्यावरच्या टवाळांनी बीएसएवरून गाडीचं नाव ठेवलं बेसा, आणि मग ओघानेच आलं, "काय बेसाचे बाबा, काय म्हणते पोरगी?" जोंगी हसण्यावारी न्यायचा. तिउर्माला पहिल्यांदा कुणी बेसाची आई म्हणालं तेव्हा ती माझ्या दुकानातून उठून गेली. मला वाटलं, झालं, आता ही परत यायची नाही. पण काही दिवसांनी कुणीतरी तिला नुसतं तिउर्मा म्हणून हाक मारली, तर ती तोऱ्यात म्हणाली, "नीट हाक मार. मी बेसाची आई आहे."

सगळं जमलं, एक सोडून. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं पोट, ज्याच्यात सगळं फिरतं. ते मिळेना. त्याच्याशिवाय बाकीचं म्हणजे नुसता ढिगारा. जोंगी वेड्यासारखा गावोगाव फिरला. शेवटी सिम्बोलोन भंगारवाल्याने बंदराच्या गावाहून आलेल्या मालातून एक काढून दिलं. एका बाजूला तडा गेलेलं, पण खरं. जोंगीने ते छातीशी धरून आणलं. तडा सांधला, आत सगळं भरलं, आणि एका सकाळी बेसा पेटली. तो आवाज माझ्या दुकानापर्यंत आला आणि कपबशा थरथरल्या. अड्डा सोडून सगळे धावले. तिउर्मा इंजिनावर हात ठेवून उभी होती. हात पोळत असणार, पण काढत नव्हती.

मग त्यांनी जेवण घालायचं ठरवलं. डुक्कर कापायचं, ताडी आणायची, बारसं असल्यासारखं. तिउर्मा स्वतः लागुबोतीला जाऊन भावाला आमंत्रण देऊन आली. मारिहोत म्हणजे भातगिरणीचा मालक, ताठ, शब्द मोजून बोलणारा. मला वाटलं, तो कशाला येतोय असल्या पोरखेळाला! पण तो आला. नुसता आला नाही, बहिणीच्या पहिल्या बाळाला मामा आणतो तसा अख्खा शिजवलेला मासा आणि नवा उलोस घेऊन आला. आणि तो उलोस त्याने सगळ्यांदेखत बेसाच्या टाकीवर पांघरला. चारजण फिदीफिदी हसले. तो हसला नाही.

आता मांसाचे वाटे. आमच्या जेवणात कापलेल्या जनावराचा कुठला भाग कुणाचा हे ठरलेलं असतं. कुळाचा वेगळा, लेकीबाळींचा वेगळा, आणि फासळ्या बायकोच्या माहेरच्या. माणूस भुकेला गेला तर चालेल, पण त्याचा वाटा दुसऱ्याच्या पानात पडला तर पिढ्या बोलत नाहीत. मी पातेल्यापाशी डाव घेऊन उभी. फासळ्यांचं ताट तयार. मारिहोत मांडी घालून, मान खाली घालून, मान घ्यायला बसलेला.

आणि हा शहाणा जोंगी उठला. पोटात ताडी, डोक्यात इंजिन. ताट उचललं आणि सरळ सिम्बोलोनपुढे ठेवलं.

"हा खरा मामा!" मोठ्याने म्हणाला. "पोट यानं दिलं. ज्याच्या घरून पोट आलं तो मामा. आहे की नाही हिशेब बरोबर?"

अड्डेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सिम्बोलोन बिचारा "नको नको, हे काय" करत मागे सरकत होता. मी तिउर्माकडे पाहिलं. तिचं तोंड कुणी चपराक मारल्यासारखं झालं होतं. मारिहोत शांतपणे उठला, बहिणीच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, आणि गेला.

"अहो लाए, मांसाचं काय एवढं! आणखी आहे की!" जोंगी मागून ओरडला. असल्या वेळी माणसाची जीभ हासडून घ्यावी.

वेड्याने आयुष्यभर नको तो भाग नको तिथे बसवून गाडी चालवून दाखवली, आणि त्याला वाटलं नात्यांचंही तसंच चालतं.

तिउर्मा त्याच्या मागे लागली, "जा, लागुबोतीला जा, पाया पड." तो म्हणायचा, "जातो. एवढा गिअर सरळ करतो आणि जातो." मग रिंगा झिजल्या. मग चर्चचा सण आला, भाडी जोरात. मग तिउर्माच्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं लपवत लपवत तिने बरेच दिवस काढले, आणि कळलं तेव्हा डॉक्टरांनी फक्त मान हलवली. शेवटी शेवटी ती साइडकारमध्ये उशी टाकून झोपायची. म्हणायची, पलंगापेक्षा इथे बरं वाटतं. आणि मग गेली.

तर असा जोंगी डोक्यावर उलोस घेऊन बसला. तो गाडी काढेना, कारण दुखवट्यातला माणूस धंद्याला जात नाही. अड्ड्यावरचे लोक त्याच्या घरावरून जाताना इंजिन बंद करून गाडी ढकलत नेत. चर्चमध्ये तो मागच्या बाकावर बसायचा आणि पोरं त्याला भिऊन आयांना चिकटायची. दाढी वाढली. मी भात पाठवायची तर अर्धा परत यायचा. एकदा मी चिडून म्हणाले, "काढून फेक ते! देव काय वस्त्र बघतो का?"

"देव नाही बघत, इतो," तो म्हणाला. "ती बघते."



तो लागुबोतीला गेला. पिल्लू डुक्कर घेऊन बसने गेला, वस्त्र डोक्यावर तसंच, बसभर लोक वळून बघत होते. मारिहोतच्या बायकोने पाणी दिलं, जेव म्हणाली नाही. मारिहोत घरात होता आणि बाहेर आला नाही. डुक्कर परत आलं. पुन्हा गेला, तेव्हा फाटकच बंद. तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेले. म्हटलं, याच्याने नाही तर माझ्या जिभेने काही होईल. मारिहोत गिरणीत होता, भुशाने पांढरा झालेला.

जोंगी ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसला. "लाए, चुकलो. डोक्यात शेण होतं. काय दंड करायचा तो करा."

मारिहोतने गिरणी बंद केली. बराच वेळ पट्टा फिरत राहिला आणि मग थांबला.

"एका लेकराला मामा किती असतात?" त्याने विचारलं.

"एक, लाए."

"तुझ्या बेसाला मामा आहे. चारशे माणसांत तू त्याचं नाव घेतलंस. मग माझं तुझ्या घरात नातं काय? कुठल्या नात्याने मी तुझ्या डोक्याला हात लावू?"

"अहो, ते थट्टेत..." मी तोंड घातलं.

"बिन्सारच्या आई, माझी बहीण थट्टा नव्हती," तो म्हणाला आणि गिरणी परत सुरू केली. त्या आवाजात बोलायची सोय उरली नाही.

येताना बसमध्ये जोंगी सारखं तेच पुटपुटत होता. एका लेकराला एक मामा. एका लेकराला एक मामा. सियांतार आलं तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. मला ते डोळे बघून बरं वाटलं. वाटलं, आली याला काहीतरी आशा.

दुसऱ्या दिवशी त्याने बेसा खोलायला घेतली.

आधी मला वाटलं, साफ करतोय. मग चहामळ्याचा माणूस गिअरबॉक्स घेऊन जाताना दिसला. मग काटा सायकलला बांधून कुणी नेला. चाकं दोन दिशांना गेली, साइडकार अड्ड्यावरच्या एकाने नेली आणि नेताना माझ्याकडे बघितलं नाही. मी धावत गेले.

"अरे काय चालवलंयस?"

"ज्याचं त्याला परत," जोंगी म्हणाला. घाम वस्त्राच्या काठावरून नाकावर गळत होता. "इतो, बेसाच नसली तर सिम्बोलोन मामा कुणाचा? कुणाचाच नाही. मग लाएंना यायला अडचण नाही."

"आणि खाशील काय? माती?"

"ते नंतर."

"अरे, हे एकदा गेलं की परत जमवता येतं का? बोलण्याची चूक बोलण्याने भरून काढ! लोखंडाने कशाला?"

"बोलून झालं ना तीनदा," तो म्हणाला. "मी बोलायला लागलो की वाटोळं होतं. मला एवढंच येतं."

क्रँककेस त्याने शेवटी ठेवलं होतं. सिम्बोलोनला बोलावून घेतलं. सिम्बोलोन आला, पोत्यात गुंडाळलेलं ते धूड बघितलं आणि म्हणाला, "मी तसंच जपून ठेवतो, जोंगी. कधीही ये आणि घेऊन जा."

"जपायचं नाही," जोंगी म्हणाला. "तू दिलंस तेव्हा भंगार होतं. भंगारच परत घे, म्हणजे तुझंमाझं फिटलं."

आणि त्याने घण उचलला. मी त्याचा हात धरला, सिम्बोलोनने कंबर धरली, पण बायको मेलेल्या माणसाच्या अंगात कुठून बळ येतं देव जाणे. पहिला घाव जुन्या सांध्यावर बसला आणि ते कलिंगडासारखं उकललं. तो मारतच राहिला. तुकडे अंगणभर उडाले. शेवटी सिम्बोलोन ते पोत्यात वेचत होता आणि रडत होता, आणि जोंगी त्याला मदत करत होता, इकडे एक राहिला, तिकडे एक राहिला म्हणून.

मग मला म्हणाला, "आता फोन कर. सांग, सिम्बोलोनचा मान संपला. या म्हणावं."

मी केला फोन. तेवढंच सांगितलं, शब्द ना जास्त ना कमी.  मारिहोत म्हणाला, "रविवारी येतो. त्याला सांगा, मीही फार ताणलं."

रविवारी चर्च सुटल्यावर तो आला. बायकोला घेऊन आला, तांदूळ घेऊन आला. अंगणाकडे न बघता सरळ घरात आला आणि जोंगीपुढे बसला. पाळक होते, मी होते, अड्ड्यावरचे दोघेचौघे दाराशी. मारिहोतने दोन्ही हातांनी ते वस्त्र उतरवलं. खालचे केस चपटे झाले होते आणि कपाळावर काठाचा वळ उठला होता. त्याने ओंजळ बुडवली आणि जोंगीच्या तोंडावरून, डोळ्यांवरून, दाढीवरून पाण्याचा हात फिरवला. एकदा पुरतो, तो पुन्हा पुन्हा फिरवत राहिला. दोघंही रडत होते. मीही. मला वाटलं, सुटलो बाई सगळे.

"ऊठ आता," मारिहोत डोळे पुसत म्हणाला. "तिला बाहेर काढ."

"कुणाला, लाए?"

"बेसाला. मला बसव एकदा साइडकारमध्ये. शेवटी माझी बहीण तिथेच निजायची ना? मला कळलं होतं."

 मारिहोत आमच्या तोंडांकडे बघत उठला आणि मागच्या दाराने शेडखाली गेला. तिथे जमिनीवर तेलाचा डाग होता, आणि त्याने पांघरलेला तो बारशाचा उलोस घडी करून खुंटीला ठेवलेला.

"विकली?"

"नाही लाए," जोंगी घाईघाईने म्हणाला. त्याच्या आवाजात अजून ती खुळी आशा होती. "तोडली. तुम्हीच म्हणालात ना, तिला दुसरा मामा आहे म्हणून. आता नाही. आता कुणीच नाही. सगळं ज्याचं त्याला दिलं. पोट मी घणाने फोडलं, या हातांनी. तुमच्यासाठी."

मारिहोत खांबाला धरून खाली बसला. 

"तिउर्मा आली होती मला बोलवायला," तो म्हणाला. "त्या गिरणीतच. म्हणाली, इतो, मला हसू नकोस. मला आता दुसरं काही होणार नाही. माझी एवढीच आहे. तू तिचा मामा हो. मी हो म्हणालो. मासा घेऊन बसमध्ये बसलो तेव्हा अख्खा गाव मला हसला. लोखंडाचा मामा म्हणून अजून हसतो. हसू दे म्हटलं. मला कुठे फासळ्या हव्या होत्या रे? तू येऊन एवढंच म्हणायचं होतंस, की बेसाचे मामा तुम्हीच."

"मला वाटलं..." जोंगी म्हणाला.

"तिचं एवढंच उरलं होतं जगात. मी आज तिला बघायला आलो होतो." मारिहोतने त्या डागाला हात लावला आणि बोटं बघितली. "बहिणीचा दुखवटा मी उतरवला, जोंगी. भाचीचा कोण उतरवणार?"

 दाराशी अड्ड्यावरचे होते ते हळूच मागच्या मागे निघून गेले. जोंगी अंगणाच्या मधोमध उभा होता, ओल्या तोंडाने, उन्हात, एवढ्या दिवसांनी उघड्या डोक्याने. त्याचा चेहरा वेडावाकडा व्हायला लागला. तो आम्हाला दिसू नये म्हणून त्याने वस्त्र पुढे ओढायला कपाळाकडे हात नेला. डोक्यावर काहीच नव्हतं. तरी तो हात तिथे काहीतरी शोधत राहिला.